राऊच्या रस्त्यावर का थांबलात

काल तुमचा तेरावा झाला. लोक जेवून गेले, पत्रावळी उचलल्या, त्यांच्यावर गल्लीतली कुत्री भांडली, आणि आज सकाळी घर एकदम रिकामं झालं. आलेला प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलला. जमादारसाहेब किती शांत, किती सोशिक, कधी कुणाला वर मान करून बोलले नाहीत. मी ऐकून घेतलं. अहो, तुम्ही शांत नव्हता. तुमच्या लाठीने मोडलेली माणसं मी दवाखान्यात पाहिली आहेत. त्यातला एक माझा भाऊ होता. गेलेल्या माणसाला लोक धुऊनपुसून ठेवतात. मला तुम्ही होतात तसेच हवे आहात, म्हणून आपल्या बेबीला शाळेत पोचवून, मी शिकवते त्या शाळेला रजा सांगून, हे लिहायला बसले आहे.

इंदूर संस्थान गेलं, मध्यभारत झाला, आणि तुमची पलटण मोडली. आजोबांपासून तुमच्या घरात सगळे फौजेतले. दुसरं काही येत नव्हतं म्हणून तुम्ही गिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्यांचे जमादार झालात. फौजेत असताना माणसावर कधी हात उगारावा लागला नाही, असं तुम्हीच सांगायचात. माणसाला मारायचं तुम्ही शिकलात ते फाटकावर.

पहिला संप झाला त्या दिवशी तुम्ही दुपारीच घरी आलात. मल्हारगंजातल्या आपल्या त्या सामाईक नळावर बसून तुम्ही लाठी राखेने घासत होतात. लोखंडी टोपणाच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं, ते काडीने काढत होतात. भांडी घासायला आलेल्या बायका एकेक करून उठून गेल्या. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही. रात्री जेवला नाहीत. पहाटे मला जाग आली तर अंथरूण रिकामं. उजाडताना परत आलात ते धापा टाकत, घामाने चिंब, आणि दारातल्या गटारात भडाभडा ओकलात.

कुठे गेला होतात, म्हणून विचारलं.

"धावायला."

"कशाला?"

"झोप नाही येऊन राहिली," तुम्ही म्हणालात, आणि चूळ भरून ड्युटीवर गेलात.

मग रोजच जायला लागलात. आधी महू नाक्यापर्यंत, मग बिजलपूर, मग राऊ. गल्लीतल्या लोकांना वाटलं, जमादार वेडा झाला. दूधवाला तर शपथेवर सांगायचा की तुमच्या अंगात फौजेतलं कुणी मेलेलं येतं. गिरणीच्या मॅनेजरच्या कानावर गेलं तेव्हा त्याने मात्र तुम्हाला बोलावून घेतलं. राज्याच्या खेळांत मॅरेथॉन होणार होती आणि गिरणीचं नाव व्हावं असं त्याच्या मनात होतं. ड्युटी चुकवायची नाही, बाकी हवं तितकं पळ, असं त्याने सांगितलं. घरी येऊन तुम्ही चप्पल काढता काढता म्हणालात, "छब्बीस मील." जणू कुणीतरी पाहुणा येणार असल्याचं सांगत होतात. तुमची पस्तिशी उलटलेली. फौजेत दौडला होतात ते तीन मैल, आणि तेही दहा वर्षांपूर्वी.

ते दिवस सोपे नव्हते, अहो. पहाटे तुम्ही पळणार, आठाला फाटकावर उभे राहणार, संध्याकाळी पाय सुजलेले. माझी शाळा, बेबीचा खोकला, नळाची रांग. तुमचे कॅनव्हासचे बूट मोच्याने टायर लावून इतके जड करून ठेवले होते की मी ते उचलून हसले होते. तुमची नखं काळी पडून एकेक निघून आली. मी सुईने फोड फोडायची आणि तुम्ही छताकडे बघत बेबीला पाढे विचारायचात. एकदा बड्या गणपतीपाशी कुत्र्यांनी घेरलं. एकाने पोटरीचा लचका तोडला. तुम्ही त्याला मानेला धरून रस्त्यावर आपटलंत, ते उठलं नाही. पोटात इंजेक्शनं घ्यायला जायचात तेव्हाही आधी पळून यायचात आणि मग दवाखान्याच्या ओळीत उभे राहायचात. कुत्र्याचं मरण मात्र तुमच्या मनाला लागलं. घरी येऊन त्याच्याबद्दलच बोललात, पोटरीबद्दल नाही.

एका रविवारी मी हट्ट धरला की मलाही बघू द्या, त्या रस्त्यावर असं काय आहे. बेबीला शेजाऱ्यांकडे झोपवून तुमच्याबरोबर टांग्याने बिजलपूरपर्यंत आले, पदर खोचला आणि तुमच्या बाजूने धावले. नऊवारीत. एका शेताच्या लांबीपुरती असेन, मग छातीत आग लागली आणि मी मैलाच्या दगडावर बसले. तुम्ही इतके हसलात की तुम्हालाही बसावं लागलं. लग्नानंतर तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी विचारलं होतं, की लोकांना मारता ते मारता, मग स्वतःला हा मार कशाला. तुम्ही पायाला लागलेली धूळ झटकत म्हणालात, "इथे मारणारा पण मीच, खाणारा पण मीच. दुसऱ्या कुणाचं काही जात नाही." एवढं लांब वाक्य तुम्ही क्वचितच बोलायचात. मला ते तेव्हा पटलं होतं.

मग दुसरा संप आला, आणि मधूचा हात.

मधू माझ्या पाठचा. वडील लवकर गेले म्हणून शिक्षण सोडून तो तुमच्याच गिरणीत मागावर लागला होता. आपल्या लग्नात तुमचे बूट पळवणारा, तुम्हाला जीजाजी जीजाजी करत मागे फिरणारा. त्या दिवशी तो फाटकापाशी पहिल्या रांगेत होता. दवाखान्यात मी पोचले तेव्हा त्याचा उजवा हात फळीला बांधला होता, बोटं वांग्यासारखी झाली होती. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "जीजाजींचीच लाठी होती, ताई. त्यांनी मला बघितलं आणि मग मारली."

घरी आले तर तुम्ही जेवायला बसला होतात. मी दारातूनच विचारलं, खरं का. तुम्ही घास खाली ठेवलात आणि म्हणालात, "हो. मीच."

पाण्याने भरलेला पितळी तांब्या माझ्या हाताशी होता. तो मी फेकून मारला. भुवईच्या वर लागला, हाड दिसलं, ताटात रक्त पडलं. बेबी किंचाळली. तुम्ही उठला नाहीत, हात वर केला नाहीत, माझ्याकडे बघत बसून राहिलात आणि रक्त डोळ्यात उतरत गेलं. मला त्याचा पस्तावा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. चितेवर ठेवताना तो व्रण मी बोटाने शोधला होता.

दुसऱ्या दिवशी भुवईला पट्टी बांधून तुम्ही पळायला गेलात. मी मागून ओरडले, की माझ्या भावाचा हात मोडून तुम्हाला पळवतं तरी कसं. सगळ्या गल्लीने ऐकलं. तुम्ही वळला नाहीत. त्यानंतर आपण दोघं एका घरात राहून बोलत नव्हतो. मी भाकरी टाकायची, तुम्ही खायचात. फोड तुमचे तुम्हीच फोडायला लागलात, आणि ते पिकायला लागले. मधूची गिरणी सुटली ती सुटलीच. धागा ओढायला त्याच्या बोटांत जोर राहिला नाही. तो आपल्या दारावरून जायचा, थुंकायचा, पुढे जायचा.

आणि मग ती सकाळ. तुम्ही परत आलात ते भिंत धरत. पाठीवर सदरा राहिलाच नव्हता. सायकलच्या साखळीचे वळ मानेपासून कमरेपर्यंत फुटले होते, काही ठिकाणी कातडी लोंबत होती. राऊच्या अलीकडे नाल्यावरच्या छोट्या पुलियापाशी तिघे जण तोंडाला फडकी बांधून बसले होते, एवढंच तुम्ही सांगितलं. रोज ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने, एकटा पळणारा माणूस. संपातल्या कुणालाही तुम्ही तिथे सापडला असता. मी हळद भरत होते, आणि भरते आहे याचाच मला राग येत होता.

तुम्हाला विचारलं, कोण होते. अंधार होता, म्हणालात. पोलिसांत जाऊ या म्हटलं, नको म्हणालात. मग मी जे विचारलं त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते आजतागायत संपलेलं नाही. सगळ्या इंदुरात तुमच्यापुढे पळणारा माणूस नव्हता. तीन गुंड तुम्हाला गाठूच शकत नव्हते. मग का थांबलात?

"थांबलो," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, तुम्हाला मारामारीच हवी होती. पळण्यापेक्षा तुम्हाला तीच जास्त आवडते. छब्बीस मील वगैरे सगळं ढोंग आहे, तुम्ही फाटकावरचे ते फाटकावरचेच.

"असेल," तुम्ही म्हणालात.

त्या एका शब्दाने मला जाळलं. पुढे केव्हाही काही बिनसलं की मी तेच काढायची. राऊच्या रस्त्यावर का थांबलात? बायको आणि पोर घरी असताना का थांबलात? आणि तुम्ही दर वेळी, असेल.

पाठ भरायला लागली तसे पुन्हा पळायला निघालात. तेव्हाच एका पहाटे मधू दारात आला. भाड्याची सायकल, डाव्या हाताने धरलेली, हँडलला पाण्याची बाटली बांधलेली. माझ्याशी बोलला नाही, तुमच्याशीही नाही. तुम्ही पळायला लागलात, तो मागून सायकल मारत गेला. मी दारात उभी राहून बघत राहिले. तुम्ही दोघं परत आलात. मी चहा टाकला, तो उभ्याउभ्याच प्यायला. मला वाटलं, मार खाल्लेला बघून त्याला दया आली. रक्ताचं नातं असतं, निवळलं असेल. कुणाला विचारलं नाही. मला भाऊ परत मिळाला होता आणि विचारून तो घालवायची हिंमत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी मी बेबीला घेऊन मैदानावर गेले. तुम्ही चाळीस-पन्नास पोरांत उभे होतात, त्यांच्यातले बरेच तुमच्या अर्ध्या वयाचे. महूच्या अलीकडून वळून परत यायचं होतं. पुढचं मधूने सांगितलं ते असं. जाताना तुम्ही चांगले होतात, बरोबरच्या दोघांशी बोलतही होतात. परतताना ऊन चढलं. राऊ ओलांडल्यावर बुटातून रक्त यायला लागलं. आणि शहराच्या तोंडाशी, महू नाक्यापाशी गिरणीतली माणसं उभी होती, ती टाळ्या वाजवायला आलेली नव्हती. आधी शेण आलं, मग दगड. एक तुमच्या खांद्यावर बसला, एक गुडघ्यावर. मधूने सायकल त्यांच्या आणि तुमच्या मध्ये घातली. त्याला ओळखणाऱ्यांनी त्याला आईवरून शिव्या दिल्या, ज्याने तुझा हात तोडला त्याची रखवाली करतोस म्हणून विचारलं. त्याने आपला वाकडा हात वर करून त्यांना दाखवला आणि तो म्हणाला, "हात माझा आहे. तुम्ही बाजूला व्हा."

तुम्ही आत आलात तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडववाले बांबू उपटत होते. पाय ओढत होतात, गुडघा फुगला होता, तोंडावर वाळलेलं शेण. चुन्याची रेघ पुसटशी उरली होती, ती तुम्ही शोधून शोधून ओलांडलीत आणि तिथेच पडलात. कितवे आलात ते कुणी लिहिलं नाही. मी पाण्याने तुमचं तोंड पुसलं. पाठीच्या जखमा भरल्यापासून पहिल्यांदाच मी तुम्हाला हात लावत होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "झालं ग." त्या रात्री तुम्ही सलग झोपलात, आणि मी बसून तुमचा श्वास ऐकला. त्या अख्ख्या वर्षातली ती एक रात्र मला पुरेल.

शेवट मी इथे नटवून लिहिणार नाही. फाटकावर पुन्हा माणसं जमली होती, पुन्हा कामगारांची कपात होती. मॅनेजरची मोटार बाहेर काढायला रस्ता करा, असा हुकूम आला. तुमच्या हाताखालचे पहारेकरी सांगतात की तुम्ही लाठी उचलली होती. काल कुणीतरी म्हणत होतं की तुम्ही ती खाली टाकलीत आणि लोकांपुढे हात जोडलेत. तसं झालेलं नाही. उचलली होती. ती खाली येण्याआधी कानामागे अर्धी वीट बसली. मारणाराही कुणाचा तरी नवरा असेल, कपातीत गेलेला. पोलीस मला येऊन विचारून गेले की कुणावर संशय आहे का. मी नाही म्हटलं. मधू आता सायकलच्या दुकानात असतो. बातमी कळली तसा तो तिथून धावत आला, त्याने तुम्हाला हातगाडीवर घातलं आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत गाडी ढकलत नेली. तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत. माझा प्रश्न माझ्याकडेच राहिला.

काल सगळे गेल्यावर मधू मागे राहिला. पंगतीत तो बसलाच नव्हता. मी मोरीत पातेली घासत होते, तो उंबरठ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, ते निघून गेले होते. आमच्या हाती लागलेच नव्हते."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतो आहे. मग त्याने सगळं सांगितलं. तिघांतला एक तो होता. साखळी त्याच्या डाव्या हातात होती. तुम्ही पुलियापाशी आलात, पहिला वार त्याचाच, तो हवेत गेला आणि तुम्ही निसटलात. कुणी तुम्हाला गाठणार नव्हतं. तो चवताळून मागे पळाला, अंधारात त्याला कठडा दिसला नाही आणि तो खाली कोरड्या नाल्यात पडला. त्याच मोडक्या हातावर. तो आईच्या नावाने ओरडला. पुढे गेलेली तुमची पावलं थांबली, त्याने ऐकली. मग ती परत आली.

तुम्ही नाल्यात उतरलात. त्याच्या तोंडावरचं फडकं काढलंत, बघितलंत. त्याला काखेत धरून वर चढवायला लागलात, तोवर दुसरे दोघं आले आणि साखळ्या तुमच्या पाठीवर पडायला लागल्या. मधू ओरडून त्यांना थांबवत होता. तुम्ही त्याला सोडलं नाहीत. रस्त्यावर नेऊन बसवलंत, तेव्हा कुठे वळलात आणि एकाचे दात पाडलेत. ते पळाले. जाताना तुम्ही त्याला दोनच गोष्टी सांगितल्यात. हात वर धर, खाली लोंबू देऊ नकोस. आणि घरी यातलं काही बोलायचं नाही.

मी उठले आणि मधूच्या थोबाडीत मारली. राखेने भरलेल्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. दुसरी मारायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. तो रडत नव्हता, चुकवतही नव्हता. गालावर राखेची बोटं उमटली होती.

अहो, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. एवढे महिने मी तुम्हाला तोच एक प्रश्न विचारून टोचत राहिले आणि तुम्ही असेल, असेल म्हणत राहिलात. मला तुमचा फार राग आला आहे. पण रात्रभर विचार केल्यावर हेही कळतं, की तेव्हा सांगितलं असतंत तर त्याच दिवशी मी मधूला दार बंद केलं असतं. कायमचं. तुम्ही मला ओळखत होतात, तुमच्या भुवईवर तशी खूण होती. एक हात तुम्ही त्याचा मोडलात, तो मोडलातच, त्याची माफी मी तुमच्या वतीने मागणार नाही आणि माझ्या वतीने देणारही नाही. पण माझा भाऊ तुम्ही माझ्यापासून तोडला नाहीत. त्यासाठी माझ्या तोंडून ढोंगी म्हणवून घेतलंत.

काल त्या थोबाडीनंतर मी हात धुतले आणि मधूला ताट वाढलं. कढी निवली होती, ती पुन्हा गरम केली. त्याला नीट घास घेता येत नाही. अंगठा आणि एकच बोट वळतं, बाकीची तीन ताठ राहतात. भात गळतो, तो पुन्हा गोळा करतो. तुम्ही मोडलेल्या त्या हाताने तो तुमच्या तेराव्याचं जेवत होता, आणि मी समोर बसून बघत होते. त्याने मान खाली घालूनच आणखी थोडा भात मागितला. मी वाढला.